साकीनाक्याला उतरलात, तर जेवाल कुठे?



मुंबईला जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येतोच. कुणाला दुखणे दाखवायला मोठ्या दवाखान्यात जायचे असते, कुणाचा मुलगा परदेशी निघालेला असतो, कुणाची लेक तिकडे दिलेली असते, तर कुणी वाशीच्या बाजारात माल घेऊन गेलेला असतो. निघताना आपण कागदपत्रे सांभाळून घेतो, पैसे दोन ठिकाणी वाटून ठेवतो, पाहुण्यांचा पत्ता लिहून घेतो. जेवणाचा विचार मात्र कुणी करीत नाही. घरून बांधून दिलेल्या भाकरी पहिल्याच दुपारी संपतात. पुढचे पुढे पाहू म्हणतो, आणि पुढे चहा-बिस्किटांवर दिवस काढतो.

मी नोकरीने कृषी विस्तार अधिकारी. बी.एस्सी. ॲग्री. झालो तेव्हापासून बांधावरून हिंडणे हेच माझे काम. पण माझी थोरली बहीण साकीनाक्याला दिलेली आहे. दाजी तिथल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. कॉलेजात असल्यापासून मी अक्काकडे जातो आहे, त्यामुळे तो भाग माझ्या पायाखालचा आहे. आमच्या तालुक्यातला माणूस मुंबईला निघाला, की पिकावरच्या किडीचे विचारून झाल्यावर हळूच विचारतो, "साहेब, तिकडे जेवायचे कुठे?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा आज तुम्हां सर्वांना एकदाच सांगतो.

आधी ठिकाण समजून घ्या. साकीनाका हा अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचा मोठा नाका. पश्चिमेला मरोळ आणि अंधेरी, दक्षिणेला कुर्ला, पूर्वेला असल्फा आणि घाटकोपर, तर उत्तरेकडे साकी विहार रस्त्याने पवई. विमानतळ अगदी शेजारी. २०१४ साली जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो सुरू झाली आणि साकीनाक्याला जाणे सोपे झाले. रेल्वेने घाटकोपरला उतरलात, तर मेट्रोचे जागृतीनगर, असल्फा आणि तिसरे साकीनाका. अंधेरीहून बसलात, तर पाचवे. विमानतळाच्या दोन नंबरच्या टर्मिनलवरून येणार असाल, तर जमिनीखालच्या नव्या मेट्रोने पुढचेच स्टेशन मरोळ नाका, तिथे वर येऊन गाडी बदलली की पुढचे साकीनाका. ही नवी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पार कफ परेडपर्यंत गेली.

नाक्यावर उतरलात की पहिल्यांदा गोंधळायला होते. वरून मेट्रोचा पूल, खाली रिक्षा, टेम्पो, बेस्टच्या बसगाड्या, त्यातून वाट काढणारी माणसे. आजूबाजूच्या गल्ल्यांत लहान लहान कारखाने आहेत. कुठे पत्रा कापतात, कुठे डाय बनवतात, कुठे कपडे शिवतात. तिथे काम करणारा माणूस कोकणातला आहे, घाटावरचा आहे, उत्तर प्रदेश-बिहारचा आहे, कर्नाटक-केरळचाही आहे. बहुतेकजण घर गावाकडे ठेवून आलेले. त्यांना रोज दोन वेळा बाहेर जेवावे लागते, तेही खिशाला परवडेल असे आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहता येईल असे. त्यामुळे साकीनाक्याला साध्या जेवणाची टंचाई नाही. टंचाई आहे ती आत जाऊन बसायच्या धीराची.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या भागातले एक शेतकरी नवरा-बायको मुलाला विमानतळावर पोहोचवायला गेले होते. मुलगा आखाती देशात नोकरीला निघालेला. विमान मध्यरात्रीनंतरचे, पण धास्तीने ते सकाळीच पोहोचले. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दिवसभर बाहेरच बसले. पिशवीतले लाडू मुलाच्या सामानात गेले. बापाने दोनदा चहा आणला, बिस्किटाचा पुडा आणला. समोर हॉटेल दिसत होते, पण काचेचे दार, आतला थंडगार वारा, टेबलावरचे चकचकीत ग्लास पाहून त्यांचे पाऊल उचलेना. मळक्या पायांनी आत कसे जायचे? आणि बिल किती होईल कोण जाणे! मुलाच्या एजंटाला पैसे देऊन आधीच हात रिकामे झालेले. त्या माउलीला मधुमेहाची गोळी चालू होती. सकाळी नेमाने गोळी घेतली आणि पोटात अन्न नाही. संध्याकाळी तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारी उभ्या असलेल्या एका टॅक्सीवाल्याने ओळखले आणि गाडीतली साखर तिच्या तोंडात घातली, म्हणून निभावले. मुलाला निरोप द्यायच्या वेळी ती बाकावर आडवी होती.

गावी आल्यावर त्यांनी मला हे सांगितले, तेव्हा मी अक्काच्या घरापासून विमानतळ किती जवळ आहे ते मनात मोजत होतो. दोन मेट्रो स्टेशनांवर शंभर कामगार रांगेने जेवत होते आणि ही दोन माणसे उपाशी होती. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटातले पिकवले, ती माणसे ताटावर बसायला लाजली. यात पैशांची चणचण होती, पण निम्मी अडचण माहिती नसल्याची होती. माहिती देणे हे तर माझे कामच आहे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, सरळ दोन-चार हॉटेलांची नावे लिहा म्हणजे झाले. मी मुद्दाम लिहीत नाही. त्या भागात दुकाने फार लवकर हात बदलतात. पाटी तीच राहते आणि आचारी बदलतो. कधी आचारी तोच असतो आणि पाटी बदलते. माझ्या सांगण्यावरून तुम्ही गेलात आणि जेवण निकृष्ट निघाले, तर काय उपयोग? बियाण्याचे पोते घेताना आपण वरचे चित्र बघून थांबत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहतो. हॉटेलाचीही तशीच उगवण तपासायची असते. ती कशी तपासायची आणि कोणत्या जातीचे हॉटेल कशासाठी चांगले, एवढे कळले की तुम्ही साकीनाक्यालाच काय, कुठेही उपाशी राहणार नाही.

पहिली जात उडुप्यांच्या हॉटेलांची. कर्नाटकातल्या उडुपी भागातून आलेल्या माणसांनी मुंबईत ही हॉटेले वाढवली. उपनगरातल्या बहुतेक मोठ्या नाक्यांवर एखादे असतेच. इथे शाकाहारी जेवण मिळते, सकाळी लवकर इडली-डोसा-उपमा आणि दुपारी राइस प्लेट. राइस प्लेट म्हणजे पोळ्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, आमटी किंवा सांबार, भात, दही किंवा ताक असे ताट. वडील माणसे, बायका-मुले बरोबर असतील, तर सगळ्यांत आधी हेच हॉटेल शोधा. हात धुवायला बेसिन असते, बहुधा संडासाचीही सोय असते. आजाऱ्याला इडली किंवा दही-भात कुठल्याही वेळी चालतो. इडली वाफेवर शिजते, समोर गरम येते आणि पोटाला हलकी असते.

दुसरी जात खानावळींची. भिंतीवर फळा, त्यावर खडूने लिहिलेली आजची भाजी, लाकडी बाक आणि स्टीलची ताटे. कोकणी-मालवणी माणसाची खानावळ असेल, तर भात आणि माशाची आमटी. घाटावरच्या माणसाची असेल, तर भाकरी, झणझणीत रस्सा आणि कांदा. खानावळवाला महिनेवारी गिऱ्हाइकांवर जगतो. खराब वाढले तर उद्या पंधरा माणसे दुसरीकडे जातील, याची त्याला जाणीव असते. तुमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्याला याचा आपोआप फायदा मिळतो.

खानावळीमागे मुंबईचा मोठा इतिहास आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाकडून आलेल्या हजारो गिरणी कामगारांना चाळीतल्या बायका रांधून घालत. सावकाराच्या व्याजात त्या बायका पिळून निघत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरण्या गेल्या, तरी ती रीत उपनगरांत टिकून आहे. साकीनाक्याच्या वस्त्यांतही घरगुती पोळी-भाजी देणाऱ्या बाया आहेत. अक्काच्या शेजारच्या काकू सकाळी शंभराच्या वर पोळ्या लाटतात. अशा पोळी-भाजी केंद्रावर बसायला जागा नसते, पण पुडके बांधून मिळते. दवाखान्यात पेशंटजवळ बसून खायचे असेल किंवा गाडीत न्यायचे असेल, तर याहून स्वस्त आणि घरच्यासारखे दुसरे काही नाही.

तिसरी जात उत्तरेकडच्या भोजनालयांची. कारखान्यांच्या गल्ल्यांत ती जास्त दिसतील. तव्यावरची गरम रोटी, डाळ, एक सुकी भाजी, हिरवी मिरची. हिंदी मोडकेतोडके आले तरी चालते. ही माणसेही आपल्यासारखी शेतकऱ्यांचीच मुले. तुम्ही शेतकरी आहात म्हटल्यावर, तुमच्याकडे गहू किती होतो म्हणून तोच विचारू लागेल. संध्याकाळी एखाद्या गाडीवर लिट्टी-चोखा दिसला, तर खाऊन पाहा. सातूचे पीठ भरून निखाऱ्यावर भाजलेला गोळा आणि भाजलेल्या वांग्या-बटाट्याचे भरीत. आपल्या हुरड्याच्या भट्टीजवळ बसल्यासारखे वाटेल.

चौथी जात मुसलमान बांधवांच्या हॉटेलांची. जरीमरी आणि कुर्ल्याच्या बाजूला ती पुष्कळ आहेत. मांसाहार करणाऱ्याला खिमा-पाव, बिर्याणी, तंदुरी रोटी आणि रस्सा इथे पोटभर मिळतो. यांतली काही पहाटे लवकर उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतात. अवेळी पोहोचणाऱ्या प्रवाशाला तो मोठा आधार आहे. माळकरी मंडळींनी वेगळे ठिकाण पाहावे, एवढेच.

आणि शेवटी हातगाडीवरचा वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सांगतात, आणि आज तो राज्यभर पोहोचला आहे. घाईत एखादा खायला हरकत नाही. पण वडापाव हे जेवण नव्हे. दोन दिवस त्यावर काढू नयेत, आणि आजाऱ्याने तर मुळीच नाही.

बिस्किटांचेही तेच. साकीनाक्याहून फार लांब नसलेल्या विलेपार्ल्यात १९२९ साली पारले कंपनीचा कारखाना निघाला आणि पुढे त्या बिस्किटांनी सगळ्या देशाला सोबत केली. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला, बिस्किटे मात्र गावोगावी मिळतात. चहाबरोबर ती चांगलीच लागतात. पण मैदा आणि साखर खाऊन मोठ्या माणसाचा दिवस निघत नाही. बैलाला नुसता गूळ चारून आपण औत ओढायला लावतो का?

आता उगवण तपासायची रीत. हॉटेलासमोर पाच मिनिटे उभे राहा. घाई करू नका. पहिली गोष्ट, आत कोण बसले आहे ते पाहा. रिक्षावाले, कामगार, हातात डबा नसलेले कारकून, शाळेची पोरे अशी रोजची माणसे असतील तर निर्धास्त जा. रोजचा माणूस एकदा फसतो, दुसऱ्यांदा येत नाही. सामान घेतलेले प्रवासीच तेवढे बसले असतील, तर जरा विचार करा.

दुसरी गोष्ट, वेळ साधा. कारखान्याची जेवणाची सुट्टी साडेबाराच्या पुढे होते. त्या वेळी अन्न ताजे असते आणि भांडी भराभर रिकामी होतात. चार वाजता गेलात, तर दुपारचे उरलेले पुढ्यात येण्याचा संभव. शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिले किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहिले, तर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. मधल्या कोमट अवस्थेत ते झपाट्याने वाढतात. भाताचे तर विशेष. म्हणून वाफ येत असेल तेच मागा. पावसाळ्यात कापून ठेवलेली फळे, पाणीदार चटणी, कच्ची कोशिंबीर आणि बर्फ टाळा. पाण्याची शंका वाटली, तर आपली बाटली बरोबर ठेवा.

तिसरी गोष्ट, ताटे कुठे धुतात ते पाहा. एकाच बादलीत बुचकळून काढत असतील, तर पुढे चला. भिंतीवर अन्न परवान्याचा कागद असतो, त्यावर चौदा आकडी क्रमांक असतो. तो लावलेला असेल तर बरे. आणि आठ-दहा वर्षांचे पोर खरकटी उचलत असेल, तर तिथे जेवू नका. २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्याची बंदी आहे. ते पोर कुठल्यातरी खेड्यातूनच आलेले असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बसण्याआधी भाव विचारा. यात लाज कसली? बाजार समितीत आपला कांदा हातात घेऊन व्यापारी दहादा भाव करतो, तेव्हा त्याला लाज वाटते का? गल्ल्यावरच्या माणसाला सरळ म्हणा, "दादा, साधी थाळी केवढ्याला? त्यात काय काय येते? जास्तीची पोळी घेतली तर वेगळे पैसे का?" तो सांगेल. नाही परवडले तर "बरे, येतो" म्हणून निघा. तो विसरून जाईल, तुम्हीही विसरा. मी इथे भाव लिहिले नाहीत, कारण हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते बदललेले असतील. एकदा बोर्ड वाचून घेणे हाच पक्का भाव.

बिल आले की वाचा. नोंदणी असलेल्या साध्या हॉटेलात जेवणावर पाच टक्के जी.एस.टी. लागतो. बिलावर जी.एस.टी.चा नंबरच छापलेला नसेल, तर तो कर तुमच्याकडून घेता येत नाही. कुठे 'सर्व्हिस चार्ज' म्हणून वेगळी रक्कम लावलेली दिसली, तर ती काढायला सांगा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, ही रक्कम आपोआप बिलात घालता येणार नाही असे ठरवून दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पोऱ्याने प्रेमाने वाढले म्हणून चार पैसे हातावर ठेवणे ही तुमच्या मनाची गोष्ट. फारच अडवणूक झाली, तर १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारीचा फोन नंबर लक्षात ठेवा.

हातात पैसा अगदीच कमी असेल, तरी उपाशी राहायचे कारण नाही. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकरीची योजना आली होती, ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची एक मूद. केंद्रे दुपारी ठरावीक वेळच चालतात आणि ताटांची संख्या ठरलेली असते, म्हणून जवळचे केंद्र चालू आहे का, हे सकाळीच विचारून घ्या. गुरुद्वारात लंगर असतो. तिथे जात-धर्म कुणी विचारत नाही, फक्त डोके झाकून पंगतीत बसायचे. टाटा हॉस्पिटलला कर्करोगाचा रुग्ण घेऊन जाणाऱ्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत करून घ्यावी. रुग्ण आणि नातेवाईक यांच्या राहण्याचा तो जुना आसरा आहे. गाडगेबाबांनी भुकेलेल्याला जेवू घालणे हीच पूजा मानली, त्यामुळे तिथे जाण्यात संकोच धरू नये.

साकीनाक्याहून कामासाठी दादर-माटुंग्याकडे जाणे झालेच, तर मात्र दोन नावे सांगतो, कारण ती इतकी वर्षे टिकली आहेत. माटुंग्याला मध्य रेल्वेच्या स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ साली सुरू झाले. केळीच्या पानावर वाढतात आणि पोटभर जेवता येते. दादरला शिवसेना भवनाच्या समोर १९८६ सालचे आस्वाद आहे. थालीपीठ, कोथिंबीर वडी, मिसळ असे आपलेच पदार्थ मिळतात. एका सुट्टीच्या दिवशी अक्का-दाजींना घेऊन मी मुद्दाम तिकडे गेलो होतो. थालीपीठ खाताना अक्का म्हणाली, "आईच्या हाताची चव नाही, पण आईची आठवण आली." हॉटेलाकडून याहून जास्त काय मागायचे!

आजाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर औषध घेऊन जेवण चुकवू नका. प्रवासाच्या दिवशी वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. खिशात साखरेची पुडी किंवा चार खडीसाखरेचे खडे ठेवा. घाम, थरथर, चक्कर, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली, की शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखर द्या आणि मग जेवू घाला. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

भगिनींना वेगळे सांगतो. एकट्या असाल, तरी उडुपी हॉटेलात खुशाल जाऊन बसा. तिथे कामावर जाणाऱ्या कितीतरी मुली एकट्या बसून जेवतात, कुणी वळून पाहत नाही. नवऱ्याने, मुलाने आधी जेवावे आणि आपण उरलेसुरले खावे, ही घरची सवय प्रवासात नेऊ नका. दवाखान्यात रुग्णाजवळ रात्र काढणारी बहुधा बाईच असते. तिच्या पोटात अन्न नसेल, तर एकाचे दोन रुग्ण होतात. आणि पुरुष मंडळींनो, "तुला काय हवे" असे विचारून बघा. घरी कधी विचारले नसेल, तर हॉटेलात विचारायला काय हरकत आहे?

जेवताना एक गोष्ट न विसरता करा. ताटाकडे पिकवणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. कांदा कोणत्या आकाराचा चिरलाय, भात कोणत्या जातीचा आहे, भाकरी मिळते का आणि चपातीच्या तुलनेत तिचा भाव काय आहे. २०२३ हे साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. तेव्हापासून शहरातल्या कितीतरी हॉटेलांच्या फळ्यावर ज्वारी-बाजरीची भाकरी मी मुद्दाम शोधतो आहे. कुठे ती मिळते, कुठे चपातीपेक्षा महाग मिळते. गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, माल कुठून घेता, कसा लागतो, कशात तूट येते. तो रिकामा असला तर आनंदाने बोलेल. बाजारभावाच्या तक्त्यात न सापडणारी माहिती अशा बोलण्यातून हाती लागते. तिथे तुम्ही नुसते गिऱ्हाईक नाही, त्या ताटाचे एक मालकही आहात, हे ध्यानात ठेवले की काचेच्या दाराची भीती आपोआप कमी होते.

जाता जाता एक विनंती. आपण साकीनाक्याला परके असतो, तसा आपल्या फाट्यावर उतरलेला माणूसही परकाच असतो. मुंबईहून वाट चुकून आलेला ड्रायव्हर असेल, ऊसतोडीला निघालेले जोडपे असेल, पंढरीला चाललेली म्हातारी असेल. त्याने विचारले, "इथे जेवायला कुठे मिळेल?" तर नुसता हात दाखवून मोकळे होऊ नका. दोन पावले बरोबर जा. कुठे ताजे मिळते, कुठे बायकांना बसता येते, किती पैसे पडतात, ते नीट सांगा. काही नसेल, तर भाकरीचा तुकडा आणि कांदा आपल्या घरात असतोच.

मुंबईला निघण्यापूर्वी हे पान कापून पिशवीत ठेवा. आणि साकीनाक्याला एखाद्या ठिकाणी चांगले जेवलात, तर गावी आल्यावर शेजाऱ्याला त्याची खूण सांगा. पुढचा माणूस त्यामुळे उपाशी राहणार नाही.